पेन्सिलच्या रेघेपलीकडचा प्रवाह: मिथेनॉल इंधनघटासाठी स्वस्त उत्प्रेरक शोधण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र संशोधन केंद्रातले आहे. संस्था आणि व्यक्ती ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत. प्रयोगांचा आणि निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. कामात एक मार्गदर्शक प्राध्यापिका, त्यांच्याकडे पीएच.डी. करणारी एक संशोधक विद्यार्थिनी, प्रयोगशाळा सांभाळणारे मामा आणि सहमार्गदर्शक म्हणून मी, एवढीच माणसे होती. ज्या चुकीभोवती हे लेखन फिरते तिच्यात माझा वाटा इतरांपेक्षा कमी नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे.

ऑगस्ट २०२२ मध्ये सीएसआयआर ही केंद्रीय संशोधन परिषद आणि केपीआयटी ही पुण्यातली कंपनी यांनी विकसित केलेली हायड्रोजन इंधनघटावर, म्हणजे इंधन न जाळता अभिक्रियेतून थेट वीज देणाऱ्या घटावर, धावणारी बस पुण्यात दाखवली गेली, आणि त्याच सुमारास विद्यार्थिनीचा विषय ठरत होता. हायड्रोजन हाताळण्याची सोय आमच्याकडे नव्हती. मिथेनॉल हा द्रव आहे, तो ६४.७ अंश सेल्सिअसला उकळतो, साध्या कॅनमध्ये राहतो आणि विषारी असल्यामुळे साठ्याची नोंद चोख ठेवली की पदव्युत्तर प्रयोगशाळेतही त्याच्यावर काम करता येते. घटाच्या ॲनोडवर मिथेनॉलचा एक रेणू पाण्याच्या एका रेणूबरोबर अभिक्रिया करून कार्बन डायऑक्साइड, सहा प्रोटॉन आणि सहा इलेक्ट्रॉन देतो; कॅथोडवर हवेतील ऑक्सिजन ते प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन घेऊन पाणी बनवतो. कागदावर या जोडीचा विभव सुमारे १.२१ व्होल्ट येतो. प्रत्यक्षात भार दिल्यावर घट ०.३ ते ०.५ व्होल्टच्या आसपास चालतो, आणि मधला फरक उष्णतेच्या रूपाने वाया जातो.

या तोट्याचा मोठा भाग ॲनोडवर होतो. प्लॅटिनम मिथेनॉलमधील हायड्रोजन सहज सोडवतो, पण मागे राहिलेला कार्बन मोनॉक्साइड त्याच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटून जागा अडवून बसतो. शेजारी रुथेनियमचा अणू असेल तर तो कमी विभवावरच पाण्यातून हायड्रॉक्सिल गट मिळवतो आणि तो गट कार्बन मोनॉक्साइडला कार्बन डायऑक्साइडपर्यंत नेतो. वातानाबे आणि मोतोओ या जपानी संशोधकांनी १९७५ मध्ये मांडलेली ही द्विकार्यी यंत्रणा आजही या क्षेत्राचा पाया आहे. अडचण खर्चाची आहे. हायड्रोजनच्या घटात चौरस सेंटिमीटरमागे मिलिग्रॅमचा काही अंश प्लॅटिनम पुरतो, तर मिथेनॉलच्या ॲनोडवर २ ते ४ मिलिग्रॅम मौल्यवान धातू घालण्याची रीत आहे, आणि रुथेनियमही स्वस्त नाही.

म्हणून विषय ठरला तो अल्पखर्ची नॅनोकण उत्प्रेरकांचा, आणि पहिली निवड झाली निकेलची. भोसरी-चिंचवडच्या प्लेटिंगवाल्यांकडे निकेलचे क्षार पोत्याने पडलेले असतात. आम्हाला लागणारा शुद्ध क्षारही क्लोरोप्लॅटिनिक आम्लाच्या, म्हणजे ज्यातून प्लॅटिनम मिळवतात त्या संयुगाच्या, एका छोट्या कुपीच्या किमतीपुढे जवळजवळ फुकट होता.

अडचण

पहिल्या वर्षी विद्यार्थिनीने व्हल्कन नावाच्या वाहक कार्बन पुडीवर सोडियम बोरोहायड्राइड या क्षपणकाच्या साह्याने निकेलचे नॅनोकण बसवले आणि १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये १ मोलर मिथेनॉल घालून त्यांची चक्रीय व्होल्टामेट्री घेतली, म्हणजे विभव वरखाली फिरवत प्रत्येक विभवाला किती प्रवाह येतो ते मोजले. मिथेनॉल नसताना आलेख जवळजवळ सपाट होता. मिथेनॉल घालताच प्रवाह इतका वर उसळला की यंत्राची प्रवाहमर्यादा वाढवावी लागली. तुलनेसाठी बाजारात मिळणारा कार्बनवरील प्लॅटिनम उत्प्रेरक ०.५ मोलर गंधकाम्लात तपासला होता. निकेलचा प्रवाह सुमारे ०.४५ व्होल्टपाशी उसळी घेत होता आणि प्लॅटिनमचे शिखर ०.६५ व्होल्टच्या आसपास होते. "निकेलवर मिथेनॉलचे ऑक्सिडीकरण प्लॅटिनमपेक्षा ०.२ व्होल्ट कमी विभवावर होते" हे वाक्य आम्ही भित्तिपत्रकावर ठळक अक्षरांत छापले, आणि त्या पत्रकावर माझेही नाव आहे.

संशोधन सल्लागार समितीच्या सहामाही बैठकीत हा आलेख मांडला गेला. बाहेरून आलेले सदस्य विद्युत्‌रसायनशास्त्रातले जुने जाणकार होते. त्यांनी छापील प्रत हातात घेतली, अक्षाखालचे बारीक अक्षर वाचले आणि विचारले, "मॅडम, यात कॅथोड कुठे आहे?"

"सर, ही अर्ध्या घटाची चाचणी आहे, कॅथोड अजून जोडलेला नाही," असे उत्तर मॅडमनी दिले.

"जोडू नकाच," ते म्हणाले, आणि खिशातली पेन्सिल काढून त्यांनी कोपऱ्यात दोन ओळींचे गणित केले आणि आलेखावर एक उभी रेघ मारली. निकेलचा सगळा प्रवाह रेघेच्या उजवीकडे राहिला. "हा घट वीज देणार नाही. मागेल."

ते दोन ओळींचे गणित असे होते. विभव नेहमी एखाद्या ठरावीक विभवाच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत मोजतात; निकेलची चाचणी मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइडच्या तुलनेत घेतली होती आणि प्लॅटिनमची चाचणी सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत. दोन्ही एकाच अक्षावर आणायची तर पीएचचाही हिशेब घेऊन उत्क्रमणीय हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या, म्हणजे आरएचईच्या मापात बदलावी लागतात. अल्कलीत पीएच १४ च्या जवळ असल्यामुळे पहिल्या मापात सुमारे ०.९२ व्होल्ट मिळवावे लागतात. आम्लात दुसऱ्या मापात जेमतेम ०.२२. त्यामुळे निकेलचे ०.४५ होतात १.३७ व्होल्ट आणि प्लॅटिनमचे ०.६५ होतात ०.८७. ज्या निकेलला आम्ही ०.२ व्होल्टने पुढे समजत होतो ते अर्ध्या व्होल्टने मागे होते. ऑक्सिजनच्या कॅथोडची आदर्श पातळी १.२३ व्होल्ट आहे आणि चालू घटात कॅथोड ०.८ ते ०.९ च्या पुढे जात नाही. ॲनोडला १.३७ व्होल्ट लागत असतील तर घट उलटा चालतो, म्हणजे बाहेरून वीज द्यावी लागते.

निकेल तिथेच का जागे होते, याचे कारणही नवे नव्हते. त्या विभवाशी निकेल हायड्रॉक्साइडचे निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइड होते आणि मिथेनॉलचे ऑक्सिडीकरण तेच करते. मार्टिन फ्लाइशमन आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच निकेलच्या ॲनोडवरील सेंद्रिय संयुगांचे ऑक्सिडीकरण या अंगाने तपासले होते. कण कितीही लहान केले तरी ही पायरी खाली उतरत नाही. पृष्ठभाग वाढतो, म्हणून प्रवाह वाढतो, एवढेच. शिवाय तिथे मुख्यतः फॉर्मेट तयार होते, त्यामुळे सहाऐवजी चारच इलेक्ट्रॉन हाती लागतात.

समोर असलेले पर्याय

बैठकीनंतरचे दोन आठवडे अवघड गेले. विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीचे घड्याळ चालू होते आणि निकेलवरचा शोधनिबंध लिहून तयार होता. पहिला पर्याय उघडपणे कोणी बोलले नाही, पण तो टेबलावर होता: अक्ष तसाच ठेवून निबंध पाठवून देणे. आपापल्या संदर्भ इलेक्ट्रोडवर काढलेले असे आलेख छापून आलेले आजही दिसतात, त्यामुळे तो स्वीकारला जाण्याची शक्यता कमी नव्हती. मॅडमनी तो मसुदा मागे घेतला. माझे मत तेव्हा अक्ष बदलून, भाषा सौम्य करून पाठवावा असे होते. ते चुकीचे होते, कारण भाषा कितीही सौम्य केली तरी शीर्षकात इंधनघट होताच.

दुसरा पर्याय निकेल ठेवून उद्दिष्ट बदलण्याचा होता. पाण्याचे विघटन करून हायड्रोजन मिळवताना ॲनोडवर ऑक्सिजन काढण्यापेक्षा मिथेनॉलचे फॉर्मेट करणे कमी विभवात भागते, आणि त्या कामाला हेच निकेल चांगले. पण मग तो प्रबंध इंधनघटाचा राहिला नसता आणि विद्यापीठाकडे शीर्षकबदलाचा अर्ज करावा लागला असता.

पॅलेडियमचाही विचार झाला. ते अल्कलीत इथेनॉलसाठी चांगले चालते, मिथेनॉलसाठी तितके नाही, आणि स्वस्त तर मुळीच नाही. त्यामुळे त्यावर फार वेळ गेला नाही.

माझ्या मते सर्वांत विचार करण्याजोगा होता तो कॅथोडचा पर्याय. मिथेनॉल ॲनोड आणि कॅथोड यांच्यामधल्या पातळ पटलातून झिरपून कॅथोडवर पोहोचते आणि तिथल्या प्लॅटिनमवरही त्याचे ऑक्सिडीकरण होते, त्यामुळे कॅथोडचा विभव खाली ओढला जातो. लोह आणि नायट्रोजन कार्बनमध्ये बसवलेला उत्प्रेरक मिथेनॉलकडे बहुतांशी दुर्लक्ष करतो. म्हणजे स्वस्त धातू जिथे खरोखर शोभतो ती जागा कॅथोडची. पण त्यासाठी नायट्रोजनच्या वातावरणात ९०० अंशांच्या आसपास चालणारी नळीभट्टी लागते. आमची भट्टी ६०० च्या पुढे भरवशाची नव्हती आणि नव्या भट्टीची मागणी मंजूर व्हायला वर्ष गेले असते.

राहिला तो पर्याय प्लॅटिनम पूर्ण न टाळता कमी करण्याचा: प्लॅटिनम-निकेल मिश्रधातूचे कण. ३ नॅनोमीटरच्या कणातही निम्म्याहून अधिक अणू आत दडलेले असतात आणि अभिक्रियेत भाग घेत नाहीत. ती आतली जागा निकेलने भरली तर प्लॅटिनम वाचतो, आणि निकेलच्या सान्निध्याने कार्बन मोनॉक्साइडची पकडही थोडी सैल होते. हा मार्ग निवडला गेला. त्यात स्वस्ताई कमी होती, पण उपकरणे हाताशी होती.

केलेली कृती

पहिला नियम विद्यार्थिनीनेच घातला. प्रत्येक आलेख आरएचईच्या मापात, त्यावर ०.९ आणि १.२३ व्होल्टच्या दोन उभ्या रेघा आधी आखलेल्या, आणि तुलनेचा प्लॅटिनम त्याच द्रावणात, तेवढ्याच धातूभाराने.

त्यानंतर लगेच दुसरा सापळा आला. तुलनेसाठी ठेवलेला नुसत्या निकेलचा नमुना हजारभर आवर्तने चालवल्यावर ०.८ व्होल्टपाशी एक छोटे शिखर दाखवू लागला आणि दर शंभर आवर्तनांनी ते वाढत गेले. "सर, निकेल सुधारतंय!" असा फोन मला रात्री साडेनऊला आला. आधीच्या अनुभवाने शहाणे झाल्यामुळे या वेळी आनंदाआधी संशय आला. शिखर होते ते नेमके प्लॅटिनम जिथे दाखवतो तिथे. आमचा प्रतिइलेक्ट्रोड, म्हणजे प्रवाहाचे मंडल पूर्ण करणारा समोरचा इलेक्ट्रोड, प्लॅटिनमच्या तारेचा होता. लांब चाललेल्या आवर्तनांत त्या तारेचा विभव खालीवर होतो, अत्यल्प धातू द्रावणात उतरतो आणि तपासल्या जाणाऱ्या नमुन्यावर जाऊन बसतो. तारेऐवजी ग्राफाइटची कांडी लावून ताज्या नमुन्यावर तीच आवर्तने पुन्हा घेतली. शिखर आले नाही. त्या दिवसापासून प्लॅटिनमची तार कपाटात गेली. आधीची सगळी दीर्घ आवर्तने रद्द धरावी लागली, त्यात चार महिने गेले.

मिश्रधातू बनवताना एथिलीन ग्लायकॉलमध्ये दोन्ही क्षार तापवण्याची पॉलिऑल पद्धत घेतली. ग्लायकॉल प्लॅटिनम सहज क्षपित करतो, निकेल मात्र सहजासहजी नाही, हे पुस्तकात वाचलेले होते तरी पहिल्या तीन बॅचमध्ये आम्ही घातलेले प्रमाणच मिळालेले प्रमाण समजत राहिलो. स्फटिकातली अणूंची मांडणी दाखवणाऱ्या एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) चाचणीने ते उघडे पाडले. शुद्ध प्लॅटिनमचे मुख्य शिखर ३९.८ अंशांवर येते. निकेल त्या मांडणीत, म्हणजे जालकात, शिरले तर जालक आकसते आणि शिखर मोठ्या कोनाकडे सरकते. आमचे शिखर हलले नव्हते. म्हणजे प्लॅटिनमचे कण बनले होते आणि निकेल बहुतांशी गाळताना वाहून गेले होते. दुसऱ्या टप्प्यात पीएच वाढवून बोरोहायड्राइडची जोड दिल्यावर शिखर सरकले. रिफ्लक्स (वाफ थंड करून परत भांड्यात पाडत द्रावण उकळत ठेवणे) गुरुवारी लावायचा नाही हा आणखी एक नियम तेव्हाच झाला, कारण गुरुवारी पाणी बंद असले की कंडेन्सरचा प्रवाह टाकीच्या मर्जीवर असे आणि दुरुस्तीसाठी वीज गेली तर रात्रभराची स्थिरविभव चाचणी अर्ध्यात तुटे.

घटाची जुळणी हा तिसरा निर्णयबिंदू. अल्कलीचे पटल मिळवणे कठीण होते आणि तयार होणारा कार्बन डायऑक्साइड अल्कलीचे कार्बोनेट करून टाकतो, म्हणून प्रोटॉन वाहून नेणारे नॅफियॉन पटल, म्हणजेच आम्ल माध्यम घेतले. ग्राफाइटच्या प्लेटवर खाचा भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून पाडून घेतल्या. पहिली प्लेट आम्ही बोल्ट आवळताना फोडली. दुसऱ्या वेळी मामा शेजारी उभे राहिले. "समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळा, गाडीच्या चाकासारखे. एकच पिळत बसू नका." दुसरी प्लेट टिकली.

पहिला घट मात्र दोन तासांतच मंदावला आणि त्याचा अंतर्गत रोध वाढत गेला. सगळ्यांचा पहिला संशय प्लेटवर आणि गॅस्केटवर गेला आणि त्यात आठवडा गेला. शेवटी विद्यार्थिनीने बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकातली चाचणी आठवून घटातून बाहेर आलेल्या द्रवाचा थेंब अमोनिया आणि निकेल ओळखणाऱ्या डायमिथिल ग्लायॉक्झाइममध्ये टाकला. द्रव गुलाबी-लाल झाला आणि लालसर साका तळाशी बसला. निकेल आम्लात विरघळून बाहेर येत होते. त्याचे आयन नॅफियॉनमधील प्रोटॉनच्या जागा बळकावतात आणि पटलाची वाहकता घटवतात. पुढच्या बॅचपासून उत्प्रेरक घटात जाण्याआधीच ०.५ मोलर गंधकाम्लात धुण्यास सुरुवात झाली. पहिल्या दिवशी धुऊन काढलेले आम्ल पांढऱ्या कागदापुढे धरले तर जेमतेम फिकट हिरवे दिसे. थेंबाची चाचणी लाली देणे बंद होईपर्यंत, म्हणजे साधारण तीन दिवस, आम्ल बदलत राहायचे, असा शिरस्ता पडला. पृष्ठभागावरचे निकेल गेल्यावर प्लॅटिनमचे कवच आणि आत मिश्रधातू अशी रचना उरते, आणि तीच टिकते.

निष्पत्ती

धुतलेल्या प्लॅटिनम-निकेल उत्प्रेरकाने अर्ध्या घटाच्या चाचणीत, त्याच द्रावणात, प्लॅटिनमच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे बाजारातील प्लॅटिनम उत्प्रेरकाच्या सुमारे दुप्पट प्रवाह दिला. ५ चौरस सेंटिमीटरच्या घटात ही आघाडी बरीच कमी झाली, कारण तिथे थराची जाडी, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे आणि पटलातून झिरपणारे मिथेनॉल या गोष्टी उत्प्रेरकाइतक्याच बोलतात. कमी विभवाच्या टोकाला प्लॅटिनम-रुथेनियम पुढेच राहिला. प्रबंधात हे दोन्ही तसेच लिहिले आहे, आणि बहिःस्थ परीक्षकांनी तोंडी परीक्षेत नेमके तेच कौतुकाने वाचून दाखवले, याचे विद्यार्थिनीला आश्चर्य वाटले; मला नाही.

स्वस्ताईचा हिशेब मात्र वेगळाच निघाला. खर्चाची नोंदवही काढून पाहिली तेव्हा प्लॅटिनमचा क्षार सर्वांत मोठी रक्कम नव्हता. आयात केलेले नॅफियॉन पटल आणि बाहेरून करून घेतलेली टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची) छायाचित्रणे त्याच्या पुढे होती. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात हे गणित बदलेल, कारण टीईएम प्रत्येक घटामागे कोणी करत नाही. तरीही "अल्पखर्ची" हे विशेषण आम्ही प्रतिग्रॅम धातूच्या किमतीवरून लावत होतो आणि मोजायला हवी होती प्रतिवॅट किंमत, हे प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात मान्य केले आहे. पहिल्या वर्षीचे निकेल वाया गेले नाही. पुढच्या विद्यार्थ्याने ते मिथेनॉलच्या मदतीने हायड्रोजन काढण्याच्या कामासाठी घेतले आणि तिथे १.३७ व्होल्ट हा आकडा अडचण न राहता फायद्याचा ठरला.

वेगळे काय करता आले असते

पहिली चूक प्रयोगाची नव्हती, अक्षाची होती, आणि ती पकडायला बाहेरचा माणूस लागला. दोन संदर्भ इलेक्ट्रोड विकत घेण्यामागे कोणताही विचार नव्हता. जुना आम्लासाठी होता, नवा अल्कलीसाठी आणला. पहिल्याच आठवड्यात, उत्प्रेरक बनवण्याआधी, कॅथोडची रेघ कागदावर आखली असती तर निकेलचा ॲनोड महिन्याभरात बाद झाला असता. मॅडमचे मत याहून वेगळे आहे: त्यांच्या मते ते वर्ष विद्यार्थिनीला व्होल्टामेट्री शिकायला लागलेच असते. मला ते पूर्ण पटत नाही, कारण शिकायला योग्य प्रश्नही तितकाच उपयोगी पडला असता.

प्रतिइलेक्ट्रोडच्या बाबतीत आमच्याकडे सबब नव्हती. प्लॅटिनमविरहित उत्प्रेरक तपासताना भांड्यात प्लॅटिनम ठेवू नये हे सर्वज्ञात आहे. आम्ही ठेवले कारण ती तार आधीपासून तिथे होती. ग्राफाइटची कांडी तारेपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. निकेलच्या विद्राव्यतेचेही तसेच. आम्लात निकेल विरघळते हे बारावीच्या मुलाला ठाऊक असते, तरी घट मंदावल्यावर आम्ही आठवडाभर गॅस्केट बदलत बसलो.

कॅथोडचा पर्याय सोडल्याची रुखरुख अजून आहे. भट्टी नव्हती हे खरे, पण शहरातच पाषाण परिसरात आणि विद्यापीठात अशी कामे चालतात. भट्टीचा वेळ मागण्याचे पत्र लिहायला एक दुपार लागली असती. ते पत्र आम्ही लिहिले नाही, कारण तेव्हा सगळ्यांचे लक्ष विस्कटलेला ॲनोड सावरण्याकडे होते. गेल्या सत्रात नव्या विद्यार्थ्याच्या वतीने ते पाठवले असून लोह-नायट्रोजन-कार्बनचा पहिला नमुना तयार आहे. त्याच्या चाचणीच्या भांड्यात ग्राफाइटची कांडी आहे आणि कोऱ्या आलेखावर दोन रेघा आखलेल्या आहेत. टिकाऊपणाची दीर्घ चाचणी मात्र यूपीएसच्या नव्या बॅटऱ्या येईपर्यंत थांबली आहे.